वैनगंगेवर कॅनो मोहीम : नाव उचलून नेण्याच्या टप्प्यांचे नियोजन कसे करावे?

काठावरचा (आरमोरी)

सर्वांना नमस्कार. आम्ही 8 जण येत्या हिवाळ्यात पवनीला वैनगंगेत कॅनो (वल्ह्याने चालवायची लांबट, निमुळती नाव) उतरवून चामोर्शी तालुक्यापर्यंत जाण्याच्या विचारात आहोत. आठांपैकी पाच जण उत्तम पोहतात, उरलेले तिघे गावतलावात शिकत आहेत, आणि सगळेच शेतीकामाच्या सवयीचे असल्यामुळे ओझ्याची भीती कोणालाही नाही. पवनी गोसेखुर्दच्या खाली असल्याने मोठे धरण ओलांडण्याचा प्रश्न येत नाही. परंतु पुढे चिचडोह बॅरेज (दारांचा बंधारा) आहे, वाळूचे लांबच लांब उथळ पट्टे आहेत, मधूनमधून खडकाळ पात्र आहे आणि रेतीघाटांवर ट्रॅक्टरसाठी घातलेले कच्चे रपटेही आहेत. अशा प्रत्येक ठिकाणी नाव पाण्याबाहेर काढून, सामानासह खांद्यावर घेऊन, पलीकडे पुन्हा पाण्यात सोडावी लागणार. परदेशात याला पोर्टेज म्हणतात आणि तिथे त्याचे मोठे शास्त्र आहे, असे वाचले आहे.

माझे प्रश्न असे आहेत. दिवसांचा हिशेब कशावर बसवावा? नावा कोणत्या घ्याव्यात? आणि उचलून नेण्याचे टप्पे आधीच ठरवावेत की नदीवर पोहोचल्यावर पाहून ठरवावेत?

पळसपान

अंतर रस्त्याने मोजले आहे की पात्राने? वैनगंगा जागोजागी वळणे घेते, त्यामुळे दोन गावांमधले डांबरी रस्त्याचे अंतर येथे उपयोगाचे नाही. उपग्रह नकाशावर पात्राच्या मध्यरेषेने मोजून घ्यावे, म्हणजे पुढच्या चर्चेला आधार राहील.

लाखांदूरची लेक

काठावरचा भाऊ, मी मूळची लाखांदूरची असून सध्या कॅनडात ऑन्टारियोत राहते आणि उन्हाळ्यात येथील मंडळींबरोबर कॅनोने जाते. येथे मोहिमेची आखणी करताना नकाशावर आधी पोर्टेज शोधतात, त्यांची लांबी बेरजेत घेतात आणि मगच पाण्यातले अंतर पाहतात. कारण भरलेली कॅनो संथ पाण्यात ताशी 4 ते 5 किलोमीटर सहज जाते, पण जमिनीवर हाच वेग कोसळतो.

हिशेब सांगते. समजा 1 किलोमीटरचा टप्पा आहे आणि सामान दोन फेऱ्यांत न्यायचे आहे. पहिल्या फेरीत 1 किलोमीटर ओझ्यासह, मग 1 किलोमीटर रिकाम्या हाताने परत, आणि पुन्हा 1 किलोमीटर ओझ्यासह, अशी प्रत्येकाची 3 किलोमीटरची चाल होते. ओझ्यासह ताशी 3 किलोमीटर धरले, तरी चालण्यातच पाऊण तासाहून अधिक वेळ जातो, आणि नाव रिकामी करणे, बांधणे व पुन्हा भरणे धरून दीड तास कधी गेला ते कळत नाही. तेवढ्या वेळात तुम्ही पाण्यातून 6 ते 7 किलोमीटर गेला असता. म्हणून दिवसाचे उद्दिष्ट किलोमीटरमध्ये न ठरवता तासांमध्ये ठरवावे आणि प्रत्येक टप्प्याचे तास आधी वजा करावेत.

येथील अल्गॉन्क्विन उद्यानात पोर्टेजच्या दोन्ही टोकांना पिवळ्या पाट्या असतात आणि त्यांवर मीटरमध्ये अंतर लिहिलेले असते. वाटही मळलेली असते. वैनगंगेवर तशी पाटी नाही आणि तशी वाटही नाही. म्हणून तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचे माझे उत्तर असे की, टप्पे आधी पायी जाऊन पाहिल्याशिवाय नाव विकत घेण्याचाही विचार करू नये.

डोहाकाठी

मी ढिवर समाजातला असून आमचे घर पिढ्यान्‌पिढ्या या नदीवरच आहे. ताईंचा हिशेब मला पूर्ण पटला, तरीही मूळ कल्पनेबद्दल एक वेगळे मत नम्रपणे मांडतो. आमचा लाकडी डोंगा कोणी खांद्यावर घेत नाही, कारण तो चार माणसांनाही जड जातो. बंधारा आडवा आला तर आम्ही डोंगा अलीकडच्या काठाला बांधतो, चालत पलीकडे जातो आणि तेथे ओळखीच्या माणसाचा डोंगा घेतो. आपणही प्रत्येक अडथळ्याच्या अलीकडे एक आणि पलीकडे एक अशी गावोगावच्या डोंग्यांची व्यवस्था केली, तर उचलायचे फक्त सामान राहील, चार पैसे गावात राहतील आणि त्या डोहाची खोली ज्याला ठाऊक आहे असा नावाडी सोबत मिळेल.

दुसरे म्हणजे जाळी. संध्याकाळी जाळी टाकतात आणि पहाटे काढतात. थर्मोकोलचे तुकडे किंवा प्लास्टिकच्या रिकाम्या बाटल्या ओळीने तरंगताना दिसल्या की खाली जाळे आहे असे समजावे. सूर्य चांगला वर आल्याशिवाय नाव सोडू नका, म्हणजे बहुतेक जाळी निघालेली असतील. एखादे आडवे असलेच, तर हाक मारून विचारावे. वल्हे वर घेऊन, वरची दोरी हाताने पाण्यात दाबून नाव वरून सरकवता येते, पण ते जाळ्याच्या मालकाच्या देखत करावे. एका जाळ्यामागे घरातल्या बाईमाणसांची कित्येक दिवसांची विणाई असते.

आणि जीवरक्षक जॅकेटबाबत कोणाचेही ऐकू नका. जानेवारी 2024 मध्ये चामोर्शी तालुक्यातल्या गणपूरजवळ मिरची तोडायला पलीकडे निघालेल्या बायकांचा डोंगा याच नदीत उलटला आणि सहा जणींचा जीव गेला. हिवाळ्यातली संथ नदी होती ती. ज्याला पोहता येते त्यानेही जॅकेट घालून, पट्टे आवळूनच नावेत पाय ठेवावा.

पाटबंधारे निवृत्त

डोहाकाठी यांचे शेवटचे वाक्य मोहिमेच्या कागदावर सर्वांत वर लिहून ठेवावे. मी माझ्या नोकरीच्या अनुभवातून पाण्याबद्दल थोडे सविस्तर लिहितो.

गोसेखुर्दच्या खालची नदी ही आता केवळ पावसाची नदी राहिलेली नाही. धरणाच्या 33 दारांची आणि त्यामागच्या निर्णयांची नदी झाली आहे. ऑगस्ट 2020 च्या अखेरीस सगळी दारे उघडावी लागली तेव्हा ब्रह्मपुरी, वडसा आणि गडचिरोलीच्या बाजूला काय झाले, ते आपल्यापैकी अनेकांनी अनुभवले आहे. हिवाळ्यात इतका विसर्ग होत नाही हे खरे असले, तरी पाण्याची पातळी रात्रीतून बदलू शकते. पवनीला आणि आष्टीला केंद्रीय जल आयोगाची मापनकेंद्रे आहेत. मोहिमेच्या आधीच्या पंधरवड्यात रोजची पातळी लिहून काढावी, निघण्यापूर्वी धरणाच्या नियंत्रण कक्षाला आपला दिनक्रम कळवावा, आणि मुक्काम पाण्यालगतच्या वाळूवर न करता काठाच्या उंच भागावर करावा. काठीला खूण करून ती संध्याकाळी पाण्याच्या कडेला रोवली, तर रात्री उठून पातळी पाहता येते.

आता बॅरेज. पावसाळ्यात दारे वर असतात आणि नदी मोकळी वाहते. पाऊस सरल्यावर दारे उतरवून पाणी अडवतात. तेव्हा वरच्या बाजूला पाणी तलावासारखे शांत दिसते, आणि धोका नेमका येथेच आहे, कारण एखादे दार किंचित उघडे असले तरी त्याच्या तळाची ओढ पृष्ठभागावर दिसत नाही. बॅरेजची भिंत स्पष्ट दिसू लागली की काठ धरावा आणि किमान 500 मीटर अलीकडेच नाव बाहेर काढावी. खालच्या बाजूलाही दारांच्या समोर नाव उतरवू नये, तेवढेच अंतर पुढे जाऊन उतरवावी. चालण्यात 1 किलोमीटर वाढला तरी चालेल.

बुटके बंधारे मोठ्या बॅरेजपेक्षा फसवे असतात. भिंतीवरून सारखे पाणी पडते तिथे पायथ्याशी ते उलटे फिरते आणि पडलेल्या माणसाला पुन्हा पुन्हा भिंतीकडे ओढून घेते. त्या फेऱ्यातून जॅकेट घातलेला माणूसही सुटतोच असे नाही. दोन-तीन फुटांचीच तर उडी आहे, असे म्हणून कोणी नाव पुढे घालू लागला, तर त्याला त्याच दिवशी घरी पाठवावे.

मोहफूल

काकांनी बंधाऱ्याचे लिहिले, मी रपट्याचे लिहिते. रेतीघाटावरच्या कच्च्या रपट्याखाली सिमेंटचे नळे टाकलेले असतात आणि अडलेले सगळे पाणी त्या नळ्यांतून जोराने निघते. वरून पाहणाऱ्याला रपटा म्हणजे मातीचा साधा रस्ता वाटतो. नाव आडवी होऊन नळ्याच्या तोंडाला चिकटली, तर पाण्याचा दाब ती काढू देत नाही, आणि माणूस नाव व नळ्याच्या मध्ये सापडला तर प्रसंग जिवावर बेततो. तेथे पलीकडे न्यायचे अंतर अवघे 20 पावले असते, म्हणूनच माणसाला घाई होते. रपटा दिसला की 50 ते 60 मीटर अलीकडे काठाला लागावे आणि नाव दोरीने धरून चालत आणावी.

काठावरचा (आरमोरी)

आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिले, त्याबद्दल मनापासून आभार. डोहाकाठी दादा, डोंगे बदलण्याची कल्पना आम्हाला फार आवडली. परंतु आमच्या मुलांना स्वतः वल्हे मारून, स्वतःची नाव स्वतः वाहून नदी पाहायची आहे, आणि दर टप्प्याला 8 जणांसाठी तीन-चार डोंगे त्याच दिवशी मोकळे मिळतील याची खात्री देता येत नाही. म्हणून प्रत्येक टप्प्यावर त्या गावचा एक नावाडी त्याच्या डोंग्यासह पुढे आणि आमच्या कॅनो त्याच्या मागे, अशी जोड बसवता येईल काय?

डोहाकाठी

नक्कीच बसवता येईल. मच्छीमार सहकारी संस्थांना आधी पत्र द्या, म्हणजे मजुरीही ठरेल आणि जाळ्यांचाही बोभाटा होणार नाही.

रानवाट (नागभीड)

नावांबद्दल अजून कोणी लिहिले नाही. हवा भरायच्या नावा घ्याव्यात असे माझे मत आहे. घडी करून वडशापर्यंत रेल्वेनेही नेता येतील, आणि 15 ते 20 किलोची नाव एक माणूस उचलतो. मग पोर्टेजची एवढी चिंता उरत नाही.

पळसपान

रानवाट भाऊ, येथे मी असहमत आहे. आपल्या काठाने बाभूळ आणि बोर यांची दाटी आहे, आणि नाव बाहेर काढायची जागा नेमकी तिथेच येते. वाळूत पडलेला बाभळीचा एक सुका काटा मोहीम थांबवू शकतो. शिवाय दुपारी समोरून वारा सुटला की हलकी, फुगीर नाव जागची हलत नाही. ठिगळाचे साहित्य सोबत असले तरी ते सुकायला लागणारा वेळ हिवाळ्याच्या 11 तासांच्या दिवसातूनच जाणार.

लाखांदूरची लेक

पळसपान यांच्याशी सहमत. दोघांसाठीची 16 ते 17 फुटांची कॅनो घ्यावी. केव्हलार या मजबूत कृत्रिम धाग्याची साधारण 20 किलोची असते, पण ती महाग आणि वाळू-खडकावर नाजूक. अ‍ॅल्युमिनियमची 30 किलोच्या पुढे जाते आणि जाड प्लास्टिकची त्याहून जड. मात्र या दोन्ही घासल्या-आपटल्या तरी टिकतात. वैनगंगेतल्या वाळूवर नाव अनेकदा ओढावी लागेल, म्हणून तुमच्यासाठी जड पण दणकट हाच पर्याय मला योग्य वाटतो. 8 जणांना 4 कॅनो पुरतात. अमेरिकेत मिनेसोटातल्या बाउंडरी वॉटर्स या कॅनोसाठी प्रसिद्ध संरक्षित क्षेत्रात एका गटाला 9 माणसे आणि 4 नावा हीच मर्यादा आहे, आणि त्यामागे अनुभव आहे. याहून मोठा गट पोर्टेजच्या तोंडाशी खोळंबतो आणि काठही तुडवतो.

आता उचलण्याची पद्धत. कॅनोच्या बरोबर मध्यावर एक आडवी लाकडी पट्टी असते, मानेपुरती कोरलेली. नावेच्या बाजूला उभे राहावे, गुडघे वाकवून तिची कड आधी मांड्यांवर घ्यावी, एक हात पट्टीच्या पलीकडच्या टोकाला आणि दुसरा अलीकडच्या टोकाला धरावा, मग मांडीने हलका रेटा देत नाव डोक्यावरून उलटी फिरवून पट्टी खांद्यांवर बसवावी. कंबरेने उचलायचे नाही, सगळा जोर मांड्यांचा. सुरुवातीला सोबत्याने पुढचे टोक वर धरून ठेवावे, म्हणजे खाली शिरून नाव खांद्यावर घेणे सोपे जाते. पुढचे टोक किंचित वर राहिले पाहिजे, नाहीतर समोरची वाट दिसत नाही. वारा असेल तर दोघांनीच न्यावी. पट्टीला गोधडीचा जाड तुकडा शिवून घ्यावा, कारण दुसऱ्या दिवसापासून खांदे बोलू लागतात.

पूर्वी फरच्या, म्हणजे प्राण्यांच्या केसाळ कातड्यांच्या, व्यापाऱ्यांचे नावाडी सुपीरियर सरोवराकाठच्या ग्रँड पोर्टेजवर सुमारे 13.7 किलोमीटरची वाट तुडवीत, आणि एकेकाच्या पाठीवर सुमारे 41 किलोचे दोन गठ्ठे असत. ते सगळे अंतर एका दमात जात नसत. ठरलेल्या थांब्यावर ओझे ठेवायचे, मागे जाऊन उरलेले आणायचे, मग पुढचा थांबा गाठायचा. रिकाम्या हाताने मागे जाणे हीच त्यांची विश्रांती असे. तुम्हीही बॅरेजच्या टप्प्यावर दर 400 मीटरला झेंडी लावून असेच करावे, म्हणजे सामान कोठेही फार काळ नजरेआड राहत नाही.

मोहफूल

सामानासाठी आपली कावड का घेऊ नये? धानाच्या बांधावरून एका रेषेत चालायचे असते, तेव्हा पाठीवरच्या मोठ्या थैलीने तोल जातो, पण कावडीचे दोन्ही भार माणसाच्या पुढे-मागे राहतात. दोन्हीकडे 15-15 किलो आमच्या गावची माणसे सहज नेतात. डबे, भांडी आणि पाण्याचे कॅन यांसाठी ती उत्तम. कपडे आणि अंथरूण मात्र जलरोधक थैलीत पाठीवरच असावे.

बांबूबन

वन्यप्राण्यांचा विषय राहिला आहे, आणि तो सर्वांत गंभीर आहे असे मी मानतो. ब्रह्मपुरी वनविभागात आणि वडसा-आरमोरीच्या बाजूला वाघांचे हल्ले ही नेहमीची बातमी झाली आहे. शिवाय 2021 पासून रानटी हत्तींचा कळप गडचिरोली जिल्ह्याच्या उत्तर भागात वावरतो आहे आणि धानाच्या वासाने शेतशिवारात उतरतो. तुम्ही जाल तेव्हा धानाची कापणी होऊन पुंजणे रचलेली असतील. अशा शिवारालगत तंबू ठोकू नये. वाळूवर मोकळ्या आकाशाखाली झोपण्याची हौस मला समजते, परंतु या पट्ट्यात मुक्काम गावात, समाजमंदिरात किंवा ग्रामपंचायतीने दिलेल्या जागेतच करावा.

याचा पोर्टेजशीही संबंध आहे. नाव डोक्यावर उलटी घेतलेल्या माणसाला फक्त पायाखालची वाट दिसते आणि आवाजही नीट ऐकू येत नाहीत. म्हणून झुडपातून जाणाऱ्या टप्प्यावर नाव वाहणाऱ्याच्या पुढे एक आणि मागे एक माणूस रिकाम्या हाताने, बोलत चालला पाहिजे. टप्पे सकाळी 9 ते दुपारी 4 या वेळेतच उरकावेत. वनविभागाच्या परिक्षेत्र कार्यालयात तारखा कळवाव्यात आणि त्या आठवड्यात कोणत्या शिवारात हालचाल आहे हे विचारून मगच निघावे.

रानवाट (नागभीड)

बांबूबन यांनी लिहिले ते वाचल्यावर एक प्रश्न पडला. पुढे-मागे माणसे रिकाम्या हाताने चालली, तर लाखांदूरच्या ताईंचा दोन फेऱ्यांचा हिशेब टिकतो का?

लाखांदूरची लेक

टिकत नाही, झुडपाच्या टप्प्यावर तीन फेऱ्या धरा, म्हणजे 1 किलोमीटरला 5 किलोमीटरची चाल. यावर उपाय सामान कमी करणे हाच. शिधा माणशी दिवसाला 650 ग्रॅम कोरडा धरला, तर 8 जणांचा 6 दिवसांचा 31 किलो होतो. तो तीन-तीन दिवसांच्या दोन भागांत विभागून दुसरा भाग वडशाला आधी पाठवून ठेवला, तर निम्मे ओझे जाते.

मोहफूल

शिध्यात तांदूळ, तुरीची डाळ, बेसन, फुटाणे, गूळ आणि तिखट-मीठ एवढे पुरे. झुणका दहा मिनिटांत होतो आणि भांडे एकच लागते. पिण्याचे पाणी गावच्या हातपंपावरून भरून घ्यावे, नदीचे प्यायचेच झाले तर उकळूनच प्यावे. नागपूरची नाग नदी कन्हानमार्गे याच पाण्यात येते हे विसरू नये.

तळ्याची पाळ

मार्कंडा पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नका. वैनगंगा तेथे उत्तरवाहिनी होते आणि देवळांच्या भिंतींवरचे कोरीव काम दिवसभर पाहिले तरी मन भरत नाही. विश्रांतीचा दिवस तेथेच ठेवावा.

पाटबंधारे निवृत्त

विश्रांतीच्या दिवसाची सूचना योग्य आहे, आणि तो दिवस राखीव म्हणूनही धरावा. मला आणखी एक विचारायचे आहे : नदीवर निर्णय कोण घेणार? आठ जणांत आठ मते असतात. पुढच्या नावेत एक अनुभवी आणि शेवटच्या नावेत दुसरा असावा, पहिल्याच्या पुढे आणि दुसऱ्याच्या मागे कोणी राहू नये, आणि प्रत्येक नावेने मागची नाव नजरेत ठेवावी. दोन्ही नावांत 15 ते 20 मीटरची फेकदोरी असावी. येथून नाव उचलायची, असे दोघांपैकी एकानेही म्हटले, तर चर्चा न करता उचलावी.

काठावरचा (आरमोरी)

काका, आपला नियम आम्ही जसाच्या तसा स्वीकारतो. पुढच्या नावेत मी आणि शेवटच्या नावेत आमच्यातली पोहण्यात सर्वांत तरबेज असलेली ताई, असे ठरले आहे.

आपल्या सर्वांच्या सूचनांवरून आखणी अशी बदलली आहे. दिवाळीनंतर लगेच दोघे-दोघे जण मोटारसायकलने काठाकाठाने जातील, प्रत्येक अडथळ्याचे चढण्याचे आणि उतरण्याचे ठिकाण पायी पाहतील, पावलांनी अंतर मोजतील, काट्यांची जागा, गाळाची जागा आणि जवळच्या गावातल्या संस्थेचा माणूस वहीत लिहितील. त्यानंतर गावतलावात, मच्छीमार संस्थेच्या परवानगीने, भरलेली नाव मुद्दाम उलटवून पुन्हा चढण्याचा सराव आणि तलावाच्या पाळीवरून नाव उचलून नेण्याचा सराव होईल. शिकणाऱ्या तिघांपैकी ज्याला तोपर्यंत जॅकेटसह 200 मीटर पोहता येणार नाही, तो शिध्याची गाडी सांभाळेल. दिवसाला 5 तास पाण्यात आणि 2 तास जमिनीवर, यापेक्षा अधिक धरलेले नाहीत.

एकच प्रश्न उरला आहे. वाळूचा उथळ पट्टा लागला तर नाव ओढावी की उचलावी?

डोहाकाठी

घोट्याच्या वर पाणी असेल तर सगळ्यांनी खाली उतरावे, म्हणजे नाव आपोआप वर येते, आणि दोघांनी दोन्ही टोकांच्या दोऱ्या धरून चालवावी. पाय मात्र घासत टाकावेत, कारण वाळू उपसलेल्या जागी एकाएकी खोल खड्डे लागतात आणि ते वरून दिसत नाहीत. हातात बांबू असू द्या, आधी बांबू आणि मग पाय. पाणी घोट्याच्या खाली गेले तर सामान उतरवून उचलावी. वळणाच्या बाहेरच्या अंगाला सहसा खोल धार असते, तिकडे आधी पाहा. काठावर कोणाची डांगरवाडी लावलेली असेल तर वेलांवरून नाव ओढू नका, वळसा घाला. पाहणीला निघाल तेव्हा येथे तारीख कळवा, वडशाच्या खालच्या टप्प्यावर मी स्वतः सोबत येईन.